कासवीच्या पाठीवरची डबी

कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी, जिथे समुद्राचं पाणी हिरवट दिसतं, तिथे एक कासवी राहत असे. स्वभावाने गरीब आणि महाभित्री. पाण्यात काही अनोळखी हललं की ती लांब पळायची. घास तोंडाशी आला तरी आधी त्याच्याभोवती लांबून फेरी मारायची, मागे-पुढे बघायची, मगच तोंड उघडायची. सगळे तिला हसत. पण मुलांनो, हसणारे कितीतरी जण जाळ्यात सापडून गेले आणि ही भित्री मात्र म्हातारी व्हायला आली, हे विसरू नका.

त्या वर्षी वाळूत अंडी घालून ती पाण्याकडे निघाली, तर वाटेत माणसं उभी! एक ताई आणि एक दादा. कासवी अर्धमेली झाली. पण त्यांनी तिला मारलं नाही, उलटी पाडली नाही. तिची पाठ पुसली, तिच्यावर लेप लावून एक लहानशी डबी चिकटवली. डबीला वर एक बारीक तार होती. "जा हो केतकी," ताई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "आता तू कुठेही जा. श्वास घ्यायला वर आलीस, तार पाण्याबाहेर निघाली, की तू कुठे आहेस ते आम्हाला कळणार."

झालं! कासवीचं नशीब उघडलं, असं कासवीला वाटलं. आजवर तिला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि डोक्यावरून हात तर कुणीच फिरवला नव्हता. "माणसांचं लक्ष आहे माझ्यावर," ती दिसेल त्याला सांगू लागली. "मला आता कशाची भीती?" एका कुरवाने, म्हणजे मासे टिपणाऱ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्याने, हे ऐकलं. तो तिच्या पाठीवर येऊन बसला आणि म्हणाला, "कासवीताई, माझ्या जोडीदारिणीच्या पायात माणसांनी असंच कडं घातलं होतं. ती मेली तेव्हा माणसं आली. कडं घेऊन गेली, तिला तिथेच ठेवून गेली." कासवीला राग आला. "तुझ्या बायकोला नाव ठेवलं होतं का त्यांनी?" तिने विचारलं.

काही आठवड्यांनी तिच्या पोटात दुसऱ्या खेपेची अंडी तयार झाली. आता आजउद्या किनारा गाठायचा होता. त्या सकाळी एका बुडालेल्या खडकापाशी तिला काहीतरी तरंगताना दिसलं. पूर्वीची कासवी असती तर लांबून फेरी मारली असती. केतकी सरळ आत शिरली. ते होतं कुणीतरी टाकून दिलेलं, खडकाला अडकलेलं जाळं. पुढचा एक पाय दोरीत असा गुंतला की ओढावं तितका फास आवळे.

तेव्हा ओहोटी होती. पाणी उतरलेलं होतं, म्हणून मान ताणली की नाक कसंबसं पाण्याबाहेर निघे. खडकाच्या कपारीतून एक खेकडा तिरका तिरका बाहेर आला. "बाई, भरती आली की पाणी वर चढेल, जाळं काही चढायचं नाही," तो म्हणाला. "दोरी मांसात रुतलीय. मला पायाचा लचका तोडावा लागेल. दुखेल खूप, पण सुटशील. बोल लवकर!"

"पाय तोडू?" कासवी किंचाळली. "मग वाळूत खड्डा कशाने खणू? काही नको. माझी तार बाहेर आहे, माणसांना कळलं असेल. ती निघालीसुद्धा असतील."

"अगं, भरवशाच्या म्हशीला टोणगा!" खेकडा चिडला. "तीन पायांनी खणशील, पण जिवंत तर राहशील!" कासवीने तोंड फिरवलं. खेकडा पुटपुटत कपारीत गेला.

वरून हे सगळं बघणाऱ्या कुरवाला मात्र राहवेना. तो किनाऱ्यावर उडत गेला. ताई आणि दादा बसत त्या खोलीच्या खिडकीवर त्याने चोच आपटली. आत एक पडदा उजळलेला होता आणि पडद्यावर एक ठिपका होता. तो परत आला तेव्हा पाणी चढू लागलं होतं.

"कळलंय का त्यांना?" कासवीने धापा टाकत विचारलं.

"कळलंय," कुरव म्हणाला. "तू नेमकी कुठे आहेस ते ठाऊक आहे त्यांना. ताई म्हणाली, 'बघ, केतकी सकाळपासून एकाच जागी आहे.' दादा म्हणाला, 'आवडलेली दिसतेय जागा. विसावा घेतेय बिचारी.' खूश आहेत दोघंही. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो, तर त्यांनी खिडकी लावून घेतली."

कासवी एकाएकी ओरडली, "खेकडेदादा! तोडा पाय! तोडा!" खेकडा धावत आला. पण आता फास पार आवळला होता आणि लाटेगणिक जाळं हिसके देत होतं. त्याची नांगी पायाला लागायची आणि निसटायची. कासवीने एकदा मान ताणली, पुन्हा ताणली. नाक पाण्याबाहेर आलं नाही. तार आली नाही. अंडी पोटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तार उघडी पडली, ठिपका पुन्हा उमटला, पण हलेना. तेव्हा माणसं होडी घेऊन आली. दादाने सुरी काढली आणि एका झटक्यात जाळं कापलं. ताई रडली. खोटं कशाला सांगू, मनापासून रडली. मग तिने डबी सोडवली, लेकरासारखी जपून रुमालात गुंडाळली, आणि होडी परत फिरली. खेकडा बराच वेळ त्या कापलेल्या दोरीकडे बघत होता.

पुढच्या वर्षी तीच डबी दुसऱ्या कासवीच्या पाठीवर दिसली. कुरव तिला सावध करायला गेला, तर तीच आधी बोलली, "मला नाव ठेवलंय माहीत आहे? शेवंती! माणसांचं लक्ष आहे माझ्यावर." कुरव तिच्या पाठीवर थोडा वेळ बसला आणि काही न सांगता उडून गेला.

तात्पर्य : जो आपल्याला बघतो तो आपल्याला वाचवतोच असं नाही, म्हणून कुणाच्या नजरेच्या भरवशावर स्वतःची सावधगिरी सोडू नये.