चाकाखालचं लिंबू

निसरड्या रस्त्यावर गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक गाडीत सक्तीची करावी का, हे ठरवायला सरकारी समिती बसली होती. मोटार कंपनीचे मालक भाऊसाहेब ढमढेरे खुर्चीत रेलून म्हणाले, "सक्ती कशाला? ज्याला हवी तो महागडं मॉडेल घेईल! गिऱ्हाईक राजा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा-बिस्किटंही भाऊसाहेबांकडूनच आली होती.

समितीतल्या पाठारेबाईंनी मात्र विचारलं, "नवी गाडी देताना अपघात होऊ नये म्हणून चाकांखाली लिंबं ठेवता ना?"

"ठेवतो की! चारही चाकांखाली."

"फक्त महागड्या मॉडेलच्या?"

"छे, छे! सगळ्याच गाड्यांच्या."

"गिऱ्हाइकाला विचारून?"

भाऊसाहेब भडकले. "विचारायचं काय त्यात? माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, बाई! तिथे स्वस्त-महाग करून कसं चालेल?"

पाठारेबाई अध्यक्षांकडे वळल्या. "ऐकलंत? साहेबांचा सक्तीला पाठिंबा आहे."

यंत्रणा त्याच बैठकीत सक्तीची झाली. लिंबू तेवढं ऐच्छिक ठेवलं.