कोरडा पडलेला बांध

"...आणि फुटला तर?" इंद्रभानने विचारलं.

"तर भिजू," माय म्हणाली, आणि वालाच्या शेंगा सोलत राहिली.

"माय, मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतेय?"



बालाघाटाच्या एका घळीत मायचा मठ होता. मठाच्या मागे तळं, तळ्याला मातीचा बांध. हा बांध उन्हाळ्यात इंद्रभानने घातला होता. म्हणजे बाकीचे शिष्य राबले होते आणि इंद्रभान ओरडला होता. बांधाच्या पोटात काळी माती चोपून भरलेली, पाठीवर मुरूम. नारळ फोडताना त्याने सगळ्या वस्तीसमोर सांगून टाकलं होतं, "या बांधातून मुंगीचा घामसुद्धा बाहेर यायचा नाही."

आता तळं काठोकाठ भरलं होतं आणि बांधाच्या पायथ्याशी करंगळीएवढी धार लागली होती. मुंगीचा घाम म्हणावा, तर मुंगी बरीच थोराड असावी.

मठाच्या खाली वस्ती. वस्तीतलं पहिलं घर त्याच्या बहिणीचं, शेवंताचं. शेवंता बाळंतीण होती.

इंद्रभानची झोप उडाली. जेवताना घास हातात तसाच राही. शेजारी कुणी चूळ भरली तरी तो उठून उभा राही.

"माय, बुजवू का ती धार?"

"नको."

"का?"

"तुला घाम येतो का रे?"

"येतो. सध्या जरा जास्तच येतो."

"मग तुला कुठं बुजवलं आम्ही?"

...

पट्टशिष्याला हे उत्तर पटलं नाही. दुपारी मायचा डोळा लागल्यावर तो पायथ्याशी गेला. काळ्या मातीचे गोळे करून भोकात ठासले. वर फरशीचा दगड बसवला. दगडावर शेणाने सारवलं. सारवलेलं बघून हाताला राहवेना, म्हणून चार बोटांची रांगोळीही काढली.

धार थांबली.

त्या रात्री इंद्रभान घोरला. बाकीच्या शिष्यांनी आनंदाने जागरण केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो छाती काढून मायसमोर उभा राहिला.

"माय, बांध कोरडा ठणठणीत."

ही बाई म्हणजे, मठात नाग निघाला तेव्हा "बसू द्या, दमला असेल," म्हणणारी. तिला पळताना कुणी पाहिलं नव्हतं. ती उठून बांधाकडे पळाली तशी मांडीवरच्या शेंगा चहूकडे उधळल्या.

"वस्ती टेकाडावर ने. बाळंतीण आधी."

"अगं माय, पण आता तर तो कोरडा..."

"म्हणूनच."

इंद्रभानच्या तोंडचं पाणी पळालं. तोही पळाला.

वस्तीत त्याने आरडाओरडा केला. लोक आधी घाबरले, मग त्यांनी नीट ऐकलं.

"थांब थांब," म्हातारे गेनू आबा म्हणाले. "गळत होता तेव्हा तुझी माय म्हणाली, झोपा. आता गळत नाही, तर पळा?"

"हो."

"आणि उद्या तळं आटलं तर? होड्या आणायच्या?"

वस्ती हसली. हसत हसतच निघाली मात्र, कारण माय पळाली हे ऐकल्यावर घरात थांबायची कुणाची छाती नव्हती. कुणी कोंबड्या घेतल्या, कुणी टीव्ही. शेवंताने बाळ छातीशी धरलं.

"दादा, खरं सांग. बांध धड आहे ना?"

इंद्रभानने बाळाची दुपटी गोळा केली.

"मी काय विचारतेय?"

"चल तू," तो म्हणाला.

तो परत आला तेव्हा दोन शिष्य सांडव्याच्या फळ्या उपसून तळ्याचं पाणी ओढ्याला सोडत होते. माय बांधाच्या पायथ्याशी उभी होती. रांगोळी अजून सुरेख दिसत होती.

मायने हातातली काठी रांगोळीच्या वर, कमरेएवढ्या उंचीवर, बांधात टेकवली. टेकवलीच फक्त. काठी दह्यात जावी तशी आत गेली.

काल तिथे मुरूम इतका घट्ट होता की पहारीला ठिणगी उडावी.

"दार लावलंस," माय म्हणाली. "पाहुणा घरातच फिरतोय."

...

"काढ."

"काढलं तर पाणी येईल, माय!"

"येऊ दे की."

त्याने दगड उपटला. मातीचे गोळे बोटांनी ओरबाडून काढले. भस्सकन धार आली, आणि ती काळी होती.

आधीची धार नितळ होती. हे त्याला आत्ता आठवलं.

मायने ओंजळ भरून त्याच्या नाकापुढे धरली.

"हे काय?"

"पाणी."

"हा तुझा बांध. पातळ झालेला."

इंद्रभानला रडू फुटलं. "मग अडवू कशानं? दगड लावू? सिमेंट आणू?"

"वाळू आण. ओढ्याची, धुतलेली, जाडसर. तिच्यावर खडी, खडीवर दगड."

"वाळूनं पाणी अडतं का कुठं?"

"नाही अडत."

"मग?"

"पाणी कोण अडवतंय? माती धर, लेका. पाणी जाऊ दे."

मग इंद्रभान ओरडला नाही, राबला. पाटी भरायची, पळत यायचं, धारेच्या तोंडावर ओतायची. पहिली वाळू वाहून गेली. दुसरीही गेली. टेकाडावरून हे बघणारे लोक एकेक करून खाली उतरले आणि ओढ्यापासून बांधापर्यंत हारीने उभे राहिले. पाट्या हातोहात येऊ लागल्या. गेनू आबा प्रत्येक पाटीमागे म्हणत होते, "मुंगीसाठी घ्या, मुंगीसाठी." इंद्रभानने एकदाही वर पाहिलं नाही.

वाळू टिकली. तिच्यावर खडी बसली, खडीवर दगड. दगडांच्या फटींतून पाणी येतच राहिलं. काळं.

टेकाडावर शेवंताचं बाळ रडत होतं, तेवढाच काय तो आवाज.

काळं... मग राखाडी... मग ताकासारखं.

उन्हं कलली तेव्हा धारेच्या तळाचे खडे दिसायला लागले. लाल खडा लाल दिसला, पांढरा पांढरा. मायची काठी वरच्या मुरुमात आता बोटभरसुद्धा जाईना.

लोक कोंबड्या आणि टीव्ही घेऊन घरी गेले. शेवंता जाताना भावाशी बोलली नाही. बाळाला मात्र क्षणभर त्याच्या हातात दिलं, आणि परत घेतलं.

इंद्रभान धारेशी बसून राहिला. माय शेजारी बसली.

"माय, छातीत अजून धडधडतंय. पुन्हा असं झालं तर? मी झोपेत असताना झालं तर?"

"हं."

"ही काळजी जाईल ना कधी? का दाबून टाकू?"

मायने धारेखाली ओंजळ धरली आणि नितळ पाणी निरखलं.

"असू दे," ती म्हणाली. "गढूळ झाली की सांग."