आधी गाठ, मग काढा

पूर्वी उत्पलनगरात धर्मघोष राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका परिचारकाच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुपोष. राजाच्या आरोग्यशाळेत तो रुग्णसेवा करी आणि त्याचा नुसता हात लागला तरी कण्हणारा अर्धा शांत होई.

तिथे एक रीत होती. खसखशीच्या बोंडांचा काढा वेदना शमवी, पण जास्त झाला तर श्वासच थांबवी. म्हणून तो पाजला की खाटेच्या दोऱ्याला एक गाठ मारायची.

एकदा राजाचा धाकटा भाऊ, सेनापती विजितसेन, हत्तीच्या पायाखाली मांडी चिरडून तिथे आला. सुपोषने त्याला काढा पाजला. गाठ मारणार तोच पलीकडची म्हातारी खाटेवरून पडली. तिला उचलून, जखम बांधून तो परतला, तेव्हा काढ्याचे भान उरले नव्हते. सेनापती विव्हळत होता, दोरा मोकळा होता. सुपोषने पुन्हा काढा पाजला.

सेनापती गाढ झोपला. भावाचा शांत चेहरा पाहून भेटीला आलेल्या राजाचे डोळे भरले आणि त्याने आपला हार सुपोषच्या गळ्यात घातला. नेमके तेव्हाच सुपोषला खाटेखाली काढ्याचे दोन रिकामे द्रोण दिसले.

जुना परिचारक नंदक त्याच्या कानाशी लागला, "अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची. जखमच मोठी होती, म्हणतील."

सुपोषने हार काढून ठेवला. "महाराज, ही झोप चांगली नाही. मी चुकून दोनदा काढा पाजला. आधी वैद्यराजांना बोलवा, मग माझे काय करायचे ते करा."

वैद्य कंकायन धावत आले. दोघांनी सेनापतीला टेकवून बसवले, हाका मारल्या, श्वास मंदावला की हलवून जागे केले. दिवस कलताना सेनापतीने डोळे उघडले आणि मांडी दुखते म्हणून सुपोषला एक शिवी हासडली. इतके गोड सुपोषने जन्मात काही ऐकले नव्हते.

राजा मात्र धुमसत होता. "याचे हात तोडा."

"महाराज," कंकायन म्हणाले, "हे हात तोडलेत, तर उद्या चुकणारा तोंड उघडणार नाही. रुग्ण मात्र जाईल."

खाटेवरून क्षीण आवाज आला, "दादा, पुढचा काढा मला याच्याच हातून हवा."

राजा निवला. तेव्हापासून तिथे आधी गाठ मारून मगच काढा पाजू लागले.

ही कथा भिक्षूंना सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आनंद, वैद्य सारिपुत्र, सेनापती मोग्गल्लान. सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात ती हीच."

नंदक कोण, ते त्यांनी सांगितले नाही. सभेत एका भिक्षूने मान खाली घातली होती. त्याच्याकडे पाहून शास्ते हळूच म्हणाले, "आणि चुकला होता, तो मी."