गिटार पुढं, नवरदेव मागं

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव केरबा. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरायचा नाही, आणि सगळ्यांना त्याचाच ताप होता.

त्याच्या बहिणीचं, शेवंतीचं, लग्न ठरलं. लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीच्या देवळात येऊन थांबतो आणि नवरीचा भाऊ त्याला वाजतगाजत मांडवात आणतो, ही तिकडची रीत. शेवंतीनं सासरी सांगून टाकलं, "बँड नको. माझा दादा गिटार वाजवत आणंल." अख्ख्या गावात केरबावर भरवसा ठेवणारी ती एकटीच. दादाला मात्र गिटार कुठून धरायची हेही माहीत नव्हतं.

आता शिकणं आलं. केरबा तालुक्याला गेला, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या आयुब मास्तरांकडे. मास्तर म्हणाले, "हात खाली, वर, खाली, वर. तार लागो न लागो, हात थांबवायचा नाही."

"न्हाई थांबवत," केरबा म्हणाला.

येताना त्यानं डेअरीतून दुधाची किटली घेतली. हात खाली, वर, खाली, वर. किटली घरी पोचली, दूध वाटेत राहिलं. आईनं कपाळाला हात लावला. "आरं खुळ्या, हातातली वस्तू हलवायची न्हाई. दोन्ही हातांनी पोटाशी गच्च धरायची!"

"असं व्हय? पुढल्या खेपंला तसंच करतो."

पुढल्या खेपेला हातात गिटार आली. केरबानं ती पोटाशी गच्च धरली आणि मास्तरांकडे बघत बसला. मास्तर आवाजाची वाट बघून बघून थकले. म्हणाले, "बाबा रे, इतकं आवळू नकोस. मनगट सैल सोड. अगदी सैल."

"असं व्हय? पुढल्या खेपंला तसंच करतो."

पुढल्या खेपेला हातात आलं म्हशीचं दावं. शेजारचे तातोबा तंबाखू मळायला थांबले होते. "जरा धर," म्हणाले. केरबानं मनगट सैल सोडलं. अगदी सैल. म्हैस पाटलांच्या शाळूच्या उभ्या पिकात शिरली. तातोबा ओरडले, "आरं, हातात दिलेल्यावरनं नजर हलवायची न्हाई!"

"असं व्हय?"

मग गिटारीवरून केरबाची नजर हलेना. बोट चुकलं की थांबायचा आणि त्या चुकलेल्या बोटाकडे टक लावून बसायचा. मास्तरांनी हात जोडले. "केरबा, चुकलं तरी थांबायचं नाही. मागं वळून बघायचं नाही. पुढं जात राहायचं. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

हा धडा मात्र केरबाला फार आवडला.

लग्नाचा दिवस उजाडला. केरबा गिटार घेऊन पुढं, नवरदेव आणि परगावचं वऱ्हाड मागं. खाली, वर, खाली, वर. आणि खरंच वाजत होती हो! केरबाला आनंदानं भरून आलं. त्या भरात चावडीपाशी मांडवाकडे वळायचं सोडून तो सरळ निघाला.

वेस ओलांडल्यावर त्याला कळलं, आपण चुकलो. पण चुकलं तरी थांबायचं नाही. मागं वळून बघायचं नाही.

"पाव्हणं, अजून लांब हाय का?" वऱ्हाडातल्या एकानं विचारलं.

"पुढं चला," केरबा म्हणाला.

इकडे शेवंती हार घेऊन उभी. भटजी घाई करत होते. ती म्हणाली, "दादा आणतोय न्हवं? मग येणारच."

दादा तोवर शेजारच्या गावात पोचला होता. तिथंही एक मांडव होता. मंगलाष्टका सरत आल्या होत्या. केरबा वाजवत आत शिरला आणि आपला नवरदेव त्यानं थेट बोहल्यावर नेऊन उभा केला. अंतरपाट दूर झाला. नवरी एक, नवरदेव दोन.

नवरीचा बाप धावत आला. "आरं, ह्यो दुसरा कुणाचा?"

केरबाचा हात काही थांबला नाही. बापाच्या कानाशी वाकून तो हळूच म्हणाला, "मामा, थांबू नका. टाका अक्षता. बघणाऱ्याला कळतसुद्धा न्हाई."