ठरवायचं कुणी?

नदीपलीकडच्या विद्यापीठात ना वर्ग होते, ना घंटा. काय शिकायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं! नावाड्याची लेक केवडा सात वर्षं विद्यार्थ्यांना पैलतीरी सोडायची आणि ग्रंथालयाच्या खिडक्यांकडे वळून वळून बघत रिकामी नाव परत आणायची. एक दिवस तिनं नाव पलीकडेच बांधली आणि थेट कुलगुरूंपुढे जाऊन उभी राहिली.

कुलगुरूंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “इथे बोट धरून कुणी शिकवत नाही, पोरी. हे तुला झेपेल की नाही ते मी ठरवणार. महिन्यानं ये.”

“इथे सगळं शिकणाऱ्यानंच ठरवायचं ना, महाराज? मग एवढंच तुम्ही का ठरवता?”

कुलगुरू वरमले. “बरं, तूच ठरव. किती दिवस हवेत?”

केवडाची नजर कुलगुरूंमागच्या फडताळातल्या पुस्तकांवरून हलेना.

“दिवस कसले, महाराज? ठरवून सात वर्षं झाली.”