शून्य गुणांची कोंबडी

एकदा दूरच्या शहरात शिकलेली एक तरुणी शिक्षिका होऊन आपल्या गावी परतली. तिला वाटले होते, जिथे घरोघरी कोंबड्या आहेत तिथली मुले शाळेत त्यांच्याविषयी भरभरून बोलत असतील. प्रत्यक्षात चाळीस मुले एका सुरात घोकत होती, "चिमणी चिवचिव, कावळा काव काव, कोंबडी कुक कुक!"

जुन्या उत्तरपत्रिका चाळताना तिला सगुणा नावाच्या मुलीची सापडली. ‘कोंबडी कशी ओरडते?’ या प्रश्नाखाली मुलीने लिहिले होते, ‘कशासाठी ओरडते त्यावर आहे.’ त्यावर मास्तरांची लाल रेघ, शून्य, आणि शेरा : ‘उद्धट’. त्या दिवसापासून सगुणा शाळेत आलीच नव्हती.

तरुणीचा संताप अनावर झाला. तिने वरिष्ठांना तीन पानी अर्ज लिहिला आणि तो ऐकवायला ती कोंबड्या पाळणाऱ्या एका वृद्धेकडे गेली. चार शहाणपणाच्या गोष्टी ती लहानपणी याच अंगणात शिकली होती. शेजारची सगुणा तिथेच दाणे टाकत होती.

"हा अन्याय आहे, मावशी! ही ज्ञानाची विटंबना—"

वृद्धेने एकाएकी तिच्या तोंडावर हात दाबला. त्याच क्षणी सगुणाने धावत जाऊन एका चुकार पिल्लावर डालगे पालथे घातले. बाकीची पिल्ले केव्हाच कुंपणात शिरली होती. पाठोपाठ घारीची सावली अंगणावरून सरकत गेली.

"तुम्हाला कळलं कसं?"

"कोंबडीनं सांगितलं. तुझं भाषण चाललं हुतं तवा," वृद्धा म्हणाली. "तुझा राग खरा हाय पोरी, त्यो इझवू नगंस. पर तीन पानं वाचलीस, त्यात ह्या पोरीचा एक शब्द न्हाई. मास्तरनं ऐकलं न्हाई म्हणतीस. तू तरी इचारलंस का?"

तरुणी ओशाळली. तिने सगुणाला तोच प्रश्न विचारला.

"पुन्हा उद्धट म्हणाल."

"नाही म्हणणार."

"अंडं घातलं की पक-पक-पकाक करून सगळी आळी गोळा करते. दाणा दिसला की पिल्लांना हळूच टुक-टुक. अंड्यांवर खुडूक बसली की अंगावर गुरगुरते. आणि घार दिसली की घशातल्या घशात लांब कुर्रर्र. मग मी एकच कसं लिहू, बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तरुणीने तीन पाने चुलीत घातली. नव्या कागदावर सगुणाचे उत्तर जसेच्या तसे उतरवले आणि खाली एकच ओळ लिहिली : ‘याला शून्य देणाऱ्याने वर्गात येऊन याहून खरे उत्तर द्यावे.’ मग तो कागद घेऊन ती आधी सगुणाच्या दारात गेली आणि म्हणाली, "चल, वरिष्ठांपुढे तुझा अर्ज तूच वाचून दाखव."