बुडालेल्या किनाऱ्यावरच्या होड्या

एकदा एका कोळीवाड्यात एक वृद्ध ज्ञानी येऊन राहिला. समुद्राखाली गेलेली जुनी भूमी शोधून काढणे, हे त्याचे काम. दोरीच्या टोकाला शिसे, शिशाच्या तळाला मेण. ते पाण्यात सोडायचे आणि मेणाला काय चिकटून येते ते पाहायचे. कुठे नुसती वाळू येई, कुठे किनाऱ्यालगतच वाढणाऱ्या तिवरांच्या मुळांचा काळा चिखल, तर कुठे खाडीच्या तोंडाशी वाढणाऱ्या कालवांच्या शिंपा. शंका आली की त्याचा शिष्य बुडी मारी.

हा शिष्य गावच्या पाटलाचा मुलगा. पाठशाळेतले घोकणे अर्ध्यावर टाकून आलेला, कुणापुढे मान न तुकवणारा. या म्हाताऱ्याचे मात्र तो निमूट ऐके. कारण हा माणूस जे ठाऊक नाही त्याला 'ठाऊक नाही' म्हणे, आणि वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून ते शब्द मुलाने पहिल्यांदाच ऐकले होते.

त्या वर्षी उधाणाचे पाणी पाटलाच्या चुलीपर्यंत आले. घरे टेकडीवर हलवायची का, हे ठरवायला गाव बसले.

"आमचे वाडवडील इथंच जगले, इथंच मेले," पाटील म्हणाला. "त्यांची जागा सोडायला आम्ही काय उपरे आहोत?"

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. डोलावणारच. घरातले पाणी उपसायला सुना होत्या.

"पुढच्या उधाणात पोरं वाहून गेली, आबा, की त्यांना सांगा वाडवडिलांचं!" शिष्य कडाडला आणि गुरूकडे वळला. "गुरुजी, बोला ना! तळाशी काय सापडलं ते सांगा यांना."

गुरू एवढेच म्हणाला, "पाटील, उद्या सकाळी गावच्या सगळ्या होड्या मला द्या."

"घ्या की," पाटील हसला. "होड्या लावून समुद्र मागं ढकलणार असाल, तर वल्हीपण घ्या."

सकाळी गुरू म्हाताऱ्यांना घेऊन टेकडीवर जाऊन बसला. शिष्य समुद्रात, सांगितलेल्या खुणांवर एकेक होडी नांगरून उभी करत होता. एक इथे, दुसरी भलतीकडेच.

"काय रे, तुझा गुरू होड्यांची लावणी करतो काय?" एका होडीतून कुणीतरी ओरडले. शेवटची होडी नांगरून तो धुसफुसतच टेकडी चढला.

वर पोचला आणि जागच्या जागी थबकला.

खाली पाण्यावर होड्यांच्या दोन ओळी होत्या, एकीमागे एक. दोन्ही गावच्या किनाऱ्यासारख्याच आत वळलेल्या, दोन्हींत खाडीच्या तोंडाची फट. तीन वर्षे त्याने तळ चाचपला तो ठिपक्याठिपक्याने. गुरूने ते ठिपके मनात जोडून दोन अख्खे किनारे उभे केले होते, आणि आज ते पाण्यावर आणून ठेवले होते.

"पलीकडची ओळ पाहा," गुरू म्हणाला. "तिथे एके काळी किनारा होता. तुमच्या मुलाने तिथे बुडी मारली तेव्हा फोडून खाल्लेल्या कालवांच्या शिंपा आणि कोळसा हाती आला. तिथे माणसे राहत होती. पाणी चढले, तशी अलीकडच्या ओळीवर वस्ती झाली. तिथेही शिंपा, तिथेही कोळसा. पुन्हा पाणी चढले. तिसरी ओळ म्हणजे तुमची घरे. ती माणसे तुमचीच होती का, मला ठाऊक नाही. पण तुम्ही इथलेच म्हणवता, तर असतील. ती जगली, कारण ती वेळेवर उठली. तुम्ही त्यांचे नाव घेऊन बसून राहिला आहात."

म्हाताऱ्यांची चांगली जिरली म्हणून शिष्याला हसायचे होते. पण हसू येईना. वाडवडील म्हणजे बसून माना डोलावणारे, असेच तो आजवर समजत आला होता. ही तर रडती पोरे कडेवर घेऊन, चढत्या पाण्यापुढे चालत आलेली माणसे होती. त्याचे हात नकळत जुळले.

पाटलाने पलीकडच्या ओळीकडे बोट केले. मग हळूच म्हणाला, "तिथून निघताना आधी कोण उठलं असेल हो?"

"त्याची खूण पाण्याखाली उरत नाही, पाटील."

गावात पाण्याला सर्वांत जवळचे घर पाटलाचे होते. तो उठला. समुद्राकडे पाठ करून उतारावर घरासाठी सपाट जागा शोधत चालू लागला. मुलगा मागोमाग गेला.

"इथं खडक आहे, आबा. पलीकडं माती बरी आहे."

"चल, दाखव."

ज्यांचे नाव घेऊन आपण अडून बसतो, ते स्वतः कुठून उठून आले होते, एवढे एकदा विचारून पाहावे.